खोक्यावरचे आकडे आणि हातातली वस्तू

संगणकावर मन लावून खेळणाऱ्यांमध्ये एक समजूत बरीच वर्षे पक्की होती: माउस तारेचाच हवा. त्या समजुतीला कारण होते. बिनतारी माउस उशिरा हलायचा, मध्येच अडखळायचा, सेल संपला की डाव तिथेच सोडावा लागायचा. आज ती परिस्थिती उरलेली नाही. संगणकाच्या यूएसबी पोर्टमध्ये लावायच्या चांगल्या डोंगलवर चालणारा बिनतारी माउस आणि तारेचा माउस यांच्यातला वेळेचा फरक हाताला जाणवण्याच्या पलीकडे गेला आहे. तरीही दुकानात, जाहिरातीत आणि मित्रांच्या गप्पांत चर्चा अजून वेगाचीच चालते. गिऱ्हाईक खोक्यावरचा हर्ट्झचा आकडा वाचते, डीपीआय म्हणजे माउसची संवेदनक्षमता विचारते, दिवे किती रंगांचे आहेत ते पाहते. बॅटरी थकल्यावर काय करायचे, वस्तू आपल्या हाताला बसते का, घरातल्या रेडिओलहरींच्या गर्दीत ती कशी वागेल, हे विचारायचे राहून जाते. विकत घेतलेली वस्तू दोन वर्षांनी वापरात असेल की कपाटाच्या खणात, हे मात्र याच प्रश्नांवर ठरते.

वेगाचा हिशेब आधी नीट मांडू. संगणक यूएसबीवर जोडलेल्या माउसला ठरावीक अंतराने विचारतो की काही हालचाल झाली का. सेकंदाला किती वेळा विचारतो, तो पोलिंग रेट. कार्यालयातल्या साध्या माउसचा हा दर सहसा १२५ असतो, म्हणजे दोन विचारण्यांमध्ये ८ मिलिसेकंद जातात. गेमिंग माउसचा दर १००० असतो, तिथे १ मिलिसेकंद. आता ८००० हर्ट्झची साधने आली आहेत आणि त्यांत हे अंतर ०.१२५ मिलिसेकंदावर आले आहे. ऐकायला आठपट सुधारणा वाटते. पण १२५ वरून १००० वर जाताना जास्तीत जास्त ७ मिलिसेकंद वाचतात. १००० वरून ८००० वर जाताना जास्तीत जास्त ०.८७५, आणि सरासरी धरली तर अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी. समोरचा पडदा ६० हर्ट्झचा असेल तर त्याच्यावरचे चित्रच १६.७ मिलिसेकंदांनी बदलते; १४४ हर्ट्झचा असेल तर ६.९ मिलिसेकंदांनी. डोळ्याने पाहून बोट दाबायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. शिवाय माउसने सेकंदाला ८००० वेळा निरोप पाठवला की प्रोसेसरवर भार येतो आणि बिनतारी माउसची बॅटरी कितीतरी लवकर उतरते. ३६० हर्ट्झच्या पडद्यासमोर बसून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूला त्या अर्ध्या मिलिसेकंदाचे मोल असेल. घरी ६० हर्ट्झच्या पडद्यावर खेळणाऱ्या मुलाने तेच पैसे आधी पडद्यावर घालावेत, असे आम्ही स्पष्टपणे सांगू.

बिनतारी माउसने तारेची बरोबरी करायला उद्योगाला पंचवीस वर्षे लागली. लॉजिटेकने १९९१ मध्ये रेडिओलहरींवर चालणारा माउस बाजारात आणला. २००५ मध्ये त्याच कंपनीचा जी७ आला, तो खास खेळणाऱ्यांसाठी होता. २००९ मध्ये रेझरने मांबा आणला. ही साधने आपापल्या काळात पुढची होती, तरी स्पर्धेत खेळणारे तारेकडेच वळत. २०१६ मध्ये आलेल्या लॉजिटेक जी९०० पासून चित्र पालटले: बिनतारी असूनही दर मिलिसेकंदाला निरोप, आणि तोही सातत्याने. २०१८ चा जी प्रो वायरलेस ८० ग्रॅमचा होता, २०२० चा सुपरलाइट ६३ ग्रॅमच्या आत आला, २०२२ चा रेझर वायपर व्ही२ प्रो ५८ ग्रॅमवर. आता तर मोठमोठ्या स्पर्धांतले खेळाडू सर्रास बिनतारी माउस वापरतात. तार टेबलाच्या कडेला अडकत नाही, मनगटाला ओढ बसत नाही, हा फायदा त्यांना प्रत्यक्ष हातात जाणवतो.

पण बिनतारी म्हटले की सगळे एकाच जातीचे, असे नाही. नव्या ग्राहकाची सर्वांत जास्त फसगत इथेच होते. एकाच माउसला किंवा कीबोर्डला आता तीन वाटा असतात: तार, कंपनीचा स्वतःचा २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल आणि ब्लूटूथ. खोक्यावर १००० हर्ट्झ लिहिलेले असते ते पहिल्या दोन वाटांसाठी. ब्लूटूथ लो एनर्जीच्या नियमांतच दोन संपर्कांमधले किमान अंतर बरीच वर्षे ७.५ मिलिसेकंद ठेवलेले होते आणि वापरातली बहुतेक साधने त्यावरच चालतात, म्हणजे सेकंदाला १३३ च्या आसपास निरोप. पत्रव्यवहाराला, वाचनाला, चित्रपट लावायला ते पुरते. नेमबाजीच्या खेळात पुरत नाही. डोंगल खणात पडलेला आणि माउस लॅपटॉपच्या ब्लूटूथला जोडलेला, अशा अवस्थेत खेळून ‘बिनतारी माउस लॅग होतो’ असा निष्कर्ष काढणारे कितीतरी असतात. वस्तू चांगलीच असते, फक्त चुकीच्या वाटेने जोडलेली असते.

डोंगल आणि ब्लूटूथ दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच काम करतात. हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झाला. त्यामुळेच आपल्याकडे घरोघरी वाय-फाय, बिनतारी हेडफोन आणि माउस सहज आले. पण परवानामुक्त म्हणजे सर्वांना खुला, आणि म्हणून गजबजलेला. २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय याच जागेत राहते. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि त्याच्या दारातून थोडी ऊर्जा बाहेर झिरपतेच. ब्लूटूथ या गर्दीतून वाट काढण्यासाठी सेकंदाला १६०० वेळापर्यंत वाहिनी बदलते आणि गोंगाट असलेल्या वाहिन्या टाळत जाते. गेमिंग डोंगलही आपापल्या पद्धतीने असेच करतात. मुंबई-ठाण्यातल्या एखाद्या इमारतीत वर, खाली, शेजारी प्रत्येक घरी राउटर असतो. तिथे माउस मधूनच दचकल्यासारखा वागला तर त्यात नवल नाही. घरातला राउटर ५ गिगाहर्ट्झवर वापरला की हा त्रास बराच कमी होतो आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित कारण तर संगणकाच्या पाठीमागेच असते. यूएसबी ३.० च्या पोर्टमधून आणि तारांतून जाणारा वेगवान प्रवाह २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओगोंगाट निर्माण करतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर तांत्रिक टिपण काढले होते. निळ्या रंगाच्या पोर्टमध्ये बाहेरची हार्ड डिस्क लावलेली आणि तिला खेटून माउसचा डोंगल, तोही लोखंडी पेटीच्या मागे, ही मांडणी अनेक घरांत दिसते. माउस घेतल्या घेतल्या त्याच्यासोबत आलेली छोटी एक्स्टेन्शन तार फेकून न देता वापरावी आणि डोंगल माउसपासून वीतभर अंतरावर, टेबलावर समोर ठेवावा. चांगल्या कंपन्या ही तार खोक्यात याचसाठी देतात. बिनतारी साधनासाठी तार कशाला, असे वाटून ती खोक्यातच राहते आणि मग महिनाभर कंपनीला बोल लावला जातो.

घरी करून पाहण्याजोग्या चाचण्या सोप्या आहेत आणि त्यांना कुठलेही महागडे यंत्र लागत नाही. बहुतेक मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चौकटी टिपणारे स्लो-मोशन चित्रण असते. बोट आणि पडदा दोन्ही दिसतील असा मोबाइल ठेवून क्लिक करताना चित्रण करावे आणि बोट खाली गेल्यापासून पडद्यावर बदल दिसेपर्यंतच्या चौकटी मोजाव्यात. एक चौकट म्हणजे ४.२ मिलिसेकंद. एकदा मोजून भागत नाही. प्रत्येक वाटेने वीस-पंचवीस वेळा मोजून सरासरी काढावी. तोच माउस आधी तारेने, मग डोंगलने, मग ब्लूटूथने. आकडा नुसता पाहण्यात अर्थ नाही, कारण त्यात पडद्याचा आणि खेळाचाही वेळ मिसळलेला असतो. तीन आकड्यांतला फरक पाहायचा. तारेचा आणि डोंगलचा आकडा जवळजवळ सारखा आला, तर त्या घरात, त्या टेबलावर तो माउस नीट चालतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी सिद्ध झाले. पेंटसारख्या साध्या प्रोग्राममध्ये भराभर वर्तुळे काढून पाहिली तरी बरेच कळते: १००० हर्ट्झवर रेषा गोल वळते, ब्लूटूथवर ती तुकड्यातुकड्यांनी, कोपरे घेत वळते. मग शेजारच्या खोलीत कोणी मोठी फाइल उतरवत असताना, स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह चालू असताना तेच पुन्हा करावे. शांत असलेल्या घरात घेतलेली परीक्षा अर्धीच असते.

आता हाताकडे येऊ. मोजता येत नाही म्हणून ही बाब खोक्यावर येत नाही, पण आमच्या मते माउस निवडताना सर्वांत वजनदार तीच आहे. कोणी पूर्ण तळवा माउसवर टेकवतो, कोणी बोटे वाकवून पंजासारखा धरतो, कोणी फक्त बोटांच्या टोकांनी हलवतो. लांब बोटांच्या माणसाला जो माउस सुखाचा, तोच बारा वर्षांच्या मुलाच्या हातात बोजड होतो. बाजूच्या बटणापर्यंत अंगठा पोचतो का, उचलून पुन्हा ठेवताना करंगळी कुठे जाते, हे चित्र पाहून कळत नाही. डावखुऱ्यांचे तर हाल आहेत. उजव्या हाताच्या वळणाचे माउस भरपूर, दोन्ही हातांना चालतील असे थोडे, आणि त्यांतही बाजूची बटणे बहुधा एकाच बाजूला. वजन कमी असणे चांगले, पण ६० ग्रॅमचा माउस ज्याला हलकाफुलका म्हणून आवडतो, त्याच्याच भावाला तो पोकळ आणि अस्थिर वाटू शकतो. आणि आपल्या हवेचाही विचार करायला हवा. रबरासारखा मऊ लेप दिलेली साधने कोकण-गोव्याच्या आणि मुंबईच्या दमट उकाड्यात, घामाच्या हाताखाली, काही वर्षांत चिकट होतात. साधे खरखरीत प्लॅस्टिक दिसायला रुक्ष असले तरी टिकते. माउसच्या बटणाखालच्या धातूच्या संपर्कपट्ट्याही झिजतात, गंजतात आणि मग एका दाबात दोन क्लिक पडू लागतात. प्रकाशकिरण अडवून काम करणाऱ्या ऑप्टिकल स्विचमध्ये हा दोष मुळातच येत नाही. डीपीआयच्या २५–३० हजारांच्या आकड्यांपेक्षा ही एक ओळ विचारून घ्यावी, कारण स्पर्धेत खेळणारे बहुतेक ८०० च्या आसपासच राहतात.

कीबोर्डच्या बाबतीत बिनतारीपणाचे महत्त्व खरे तर कमी. माउस सतत फिरतो, कीबोर्ड जागचा हलत नाही. त्याची तार कोणाला अडवत नाही. टेबल मोकळे दिसावे, लॅपटॉप आणि टॅबलेट दोन्हीला एकच कीबोर्ड लावावा, दिवाणखान्यातल्या मोठ्या पडद्यासमोर बसून खेळावे, अशी कारणे असतील तर बिनतारी कीबोर्ड जरूर घ्यावा. नुसत्या खेळासाठी तारेचा मेकॅनिकल कीबोर्ड त्याच किमतीत जास्त देतो. बिनतारी घेतलाच तर दोन गोष्टी घरी आणल्या दिवशीच तपासाव्यात. तो पंधरा-वीस मिनिटे तसाच ठेवून मग एकदम टाइप करायला लागावे: झोपेतून उठताना पहिली एक-दोन अक्षरे गिळतो का? दुसरे, शिफ्ट, डब्ल्यू, ए आणि स्पेस एकत्र दाबून शिवाय आणखी एखादी कळ उमटते का? काही कीबोर्ड तारेवर सगळ्या कळा एकाच वेळी ओळखतात आणि ब्लूटूथवर सहाच. कळांखालचे रंगीत दिवे पूर्ण उजेडात ठेवले तर महिनाभर चालणारी बॅटरी काही दिवसांवर येते. खोक्यावरचा तासांचा मोठा आकडा बहुधा दिवे बंद ठेवून मोजलेला असतो.

कीबोर्डचा एक प्रश्न मात्र खेळापलीकडे जातो आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. आपल्याकडे बऱ्याच घरांत संगणक एकच असतो. मुलगी त्यावर खेळते, वडील बँकेचे व्यवहार करतात, आई कार्यालयाची कामे करते. फेब्रुवारी २०१६ मध्ये बॅस्टिल या सुरक्षा संस्थेने ‘माउसजॅक’ नावाने दाखवून दिले की अनेक नामांकित कंपन्यांच्या बिनतारी माउसचे डोंगल बाहेरून आलेले बनावट निरोप खरे मानून स्वीकारतात. १०० मीटरपर्यंतच्या अंतरावरून स्वस्तातल्या उपकरणाने दुसऱ्याच्या संगणकावर जणू कळा दाबता येत होत्या. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी दुसरी गोष्ट उघड केली: आठ उत्पादकांचे काही स्वस्त बिनतारी कीबोर्ड दाबलेली प्रत्येक कळ कुठलेही कूटलेखन न करता हवेत सोडत होते. पासवर्ड टाइप केला, तर तोही. यानंतर काही कंपन्यांनी डोंगलचे फर्मवेअर सुधारले आणि आज नावाजलेल्या कंपन्यांचे कीबोर्ड कूटलेखन करतातच. पण बाजारात बिननावाचे, तीन-चारशे रुपयांचे बिनतारी कीबोर्ड-माउस संच अजून ढिगाने मिळतात आणि त्यांच्या खोक्यावर याबद्दल चकार शब्द नसतो. ज्या संगणकावर बँकेचा व्यवहार होतो, त्याला असा संच लावू नये. तारेचा साधा कीबोर्ड तेवढ्याच पैशात मिळतो.

कंट्रोलरचा इतिहास वेगळा आहे. दिवाणखान्यात टीव्हीपासून दोन-तीन मीटर दूर बसून खेळायचे असल्याने तिथे तार पहिल्यापासूनच पायात यायची. अटारीने १९८३ मध्येच रेडिओवर चालणाऱ्या जॉयस्टिक काढल्या होत्या. पण बिनतारी कंट्रोलर खऱ्या अर्थाने कामाचा ठरला तो २००२ मध्ये, निन्टेन्डोच्या वेव्हबर्डमुळे. २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ, वाहिनी निवडायला सोळा खाचांचे चाक आणि दोन साधे एए सेल. बॅटरी वाचवण्यासाठी त्यातून थरथर काढून टाकलेली होती. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० आणि २००६ च्या प्लेस्टेशन ३ पासून बिनतारी कंट्रोलर हाच नियम झाला आणि तारेचा अपवाद. त्यामुळे इथे बिनतारी घ्यावा की नाही हा प्रश्नच उरत नाही. कोणत्या यंत्राला, कोणत्या वाटेने जोडणार, हे पाहावे लागते. प्लेस्टेशन ५ चा ड्युअलसेन्स संगणकाला ब्लूटूथने जोडता येतो, पण ट्रिगरचा बदलता ताण आणि बारीक थरथर हे त्याचे खास गुण संगणकावरच्या अनेक खेळांत तार जोडल्यावरच पुरते मिळतात. एक्सबॉक्सचा कंट्रोलर ब्लूटूथवर असताना त्याच्या खोबणीत लावलेल्या हेडफोनमध्ये आवाज येत नाही; त्यासाठी तार जोडावी लागते किंवा कंपनीचा वेगळा बिनतारी अडॅप्टर घ्यावा लागतो. कोणता कंट्रोलर चांगला, हे विचारण्याआधी तो कशाला लावायचा आहे हे सांगावे लागते.

कंट्रोलरचा खरा घात स्टिकमध्ये होतो. बोट लावलेले नसताना पडद्यावरचे पात्र आपोआप एका बाजूला सरकू लागते, त्याला ड्रिफ्ट म्हणतात. निन्टेन्डो स्विचच्या जॉय-कॉनमध्ये ही तक्रार इतकी वाढली की अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावे लावले आणि २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी झालेल्या त्रासाबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. पण हा एका कंपनीचा दोष मानणे बरोबर होणार नाही. बहुतेक कंट्रोलरच्या स्टिकखाली पोटेन्शिओमीटर असतो: कार्बनच्या पट्टीवर धातूची बारीक जीभ घासत फिरते आणि त्यावरून स्टिकची जागा कळते. घासणारी वस्तू झिजणारच. यावर उपाय जुनाच आहे. सेगाने १९९८ च्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये चुंबक आणि हॉल सेन्सर वापरले होते. त्यात काही घासत नाही, म्हणून त्या कारणाने झीजही नाही. वीस वर्षे विसरलेली ही पद्धत गुलीकिट आणि ८बिटडो यांच्यासारख्या कंपन्यांनी पुन्हा आणली, आणि बड्या कंपन्यांच्या कंट्रोलरपेक्षा कमी किमतीत. आता त्याच कुळातले, कमी वीज खाणारे टीएमआर सेन्सरही येत आहेत. स्प्रिंग सैल होणे, मध्यबिंदू ढळणे या अडचणी त्यांनाही येऊ शकतात, तरी झिजेचा मुख्य प्रश्न सुटतो. सोनीने २०२३ च्या ड्युअलसेन्स एजमध्ये संपूर्ण स्टिकचा भाग ग्राहकाला बदलता येईल अशी सोय केली. ती उत्तम आहे. पण ती कंपनीच्या सर्वांत महागड्या कंट्रोलरलाच का असावी, हे कळत नाही. विंडोजवर ‘जॉय डॉट सीपीएल’ लिहून उघडणाऱ्या खिडकीत स्टिकची जागा प्रत्यक्ष दिसते. नवा कंट्रोलर आणल्याबरोबर तिथे स्टिक चारी बाजूंना नेऊन सोडावी आणि खूण पुन्हा मध्यावर येते का ते पाहावे. वॉरंटी संपण्याच्या आधी एकदा पुन्हा.

बॅटरीचा विषय शेवटी घेतला, कारण बिनतारी वस्तूचे आयुष्य तिथेच संपते. लिथियम-आयन बॅटरी साधारण तीनशे ते पाचशे पूर्ण चक्रांनंतर क्षमता गमावू लागते. २००५ च्या जी७ सोबत काढता-घालता येणाऱ्या दोन बॅटऱ्या मिळत. एक माउसमध्ये, दुसरी चार्ज होत असलेली. खेळ न थांबवता बॅटरी बदलता येई. वजन कमी करण्याच्या स्पर्धेत ही सोय गेली आणि आजच्या बहुतेक महागड्या माउसमध्ये बॅटरी आत बंदिस्त असते. तिच्यापर्यंत पोचायला तळाची घसरपट्टी उचकटावी लागते, स्क्रू शोधावे लागतात आणि ती पट्टी पुन्हा नीट चिकटत नाही. दुसरा मार्ग बंद झालेला नाही. भारतात लोकप्रिय असलेला लॉजिटेकचा जी३०४ एका एए सेलवर चालतो आणि तरीही १००० हर्ट्झ देतो. सेलमुळे तो जड आहे, ९९ ग्रॅमचा. पण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला सेल त्याला चालतो, रिचार्जेबल सेलही चालतो, आणि दहा वर्षांनी तो बॅटरीपायी फेकावा लागणार नाही. एक्सबॉक्सच्या साध्या कंट्रोलरने आजवर एए सेलची जागा सोडलेली नाही. मागास म्हणून त्याची हेटाळणी होते, आणि आम्हाला ती मुळीच पटत नाही. दर्जेदार रिचार्जेबल सेलची एक जोडी आणि चार्जर घेतला की तो कंट्रोलर अनेक बंदिस्त कंट्रोलरांपेक्षा जास्त जगेल.

युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमांनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडून, उपकरणांतल्या छोट्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता येतील अशाच असायला हव्यात. कंपन्यांना आपले माउस आणि कंट्रोलर त्यासाठी नव्याने घडवावे लागतील, आणि तोच माल भारतातही येईल. आपल्याकडे २०२२ चे बॅटरी कचरा नियम जुनी बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकतात, त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टलही सुरू केले. पण बॅटरी ग्राहकाला बदलता यावी, ही अट त्यात नाही. बिनतारी कीबोर्ड २०१२ च्या आदेशापासून भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीत आहेत. ती नोंदणी विजेच्या सुरक्षिततेपुरती आहे. वेष्टनावर कमाल किंमत, आयातदाराचे नाव, मूळ देश लिहिणे कायद्याने बंधनकारक आहेच. त्याच जागेत आणखी तीन ओळी मावतील: तार, डोंगल आणि ब्लूटूथ या प्रत्येकावर खरा पोलिंग रेट किती; बॅटरी कोणत्या प्रकारची आणि ती घरी बदलता येते का; बिनतारी निरोपांचे कूटलेखन होते का. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने हे सक्तीचे करावे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. उत्पादकांना याचा खर्च शाईपलीकडे काही नाही.

दुकानदारांकडूनही एक अपेक्षा आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत बिनतारी साधनांची शेकडो खोकी रचलेली असतात, पण उघडून हातात घेता येईल असा नमुना क्वचितच मिळतो. खोके उघडले की घ्यावेच लागेल, ही अट सर्वत्र आहे. ऑनलाइन खरेदीतही अनेक इलेक्ट्रॉनिक वस्तू सदोष निघाल्या तरच बदलून मिळतात. हाताला बसली नाही हे कारण चालत नाही. चार-पाच हजारांची वस्तू, जिच्यावर मूल रोज दोन-तीन तास हात ठेवणार आहे, ती न धरता घ्यावी लागणे योग्य नाही. चपलेच्या दुकानात जोड पायात घालून चार पावले चालून पाहतो, तेवढा हक्क इथेही असावा. प्रत्येक दुकानाने जास्त खपणाऱ्या आठ-दहा माउसचे आणि चार-पाच कंट्रोलरचे नमुने एका संगणकाला जोडून काउंटरवर ठेवले, आणि वितरकांनी ते नमुने दुकानदाराला विनामूल्य दिले, तर परत येणारा माल घटेल आणि तिन्ही बाजूंचा त्रास वाचेल. तोवर ग्राहकाने एवढे करावे: मित्राचा, भावंडाचा, शेजारच्या मुलाचा माउस एक संध्याकाळ मागून आणावा, आपल्याच टेबलावर, आपल्याच राउटरच्या शेजारी, आपल्या नेहमीच्या खेळात वापरावा, आणि मगच पैसे मोजावेत.